दुखऱ्या कोपराचा हिशेब
प्रस्तावना

व्हॉलीबॉलपटूंच्या दुखापतींची यादी केली तर कोपराचा नंबर बराच खाली लागतो. पहिला मान घोट्याचा. नेटखाली दुसऱ्याच्या पायावर पाय पडला की घोटा मुरगळतो, हे शाळेच्या संघातले पोरही जाणते. मग गुडघा, बोटे, कंबर, खांदा. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाने मोठ्या स्पर्धांमधून गोळा केलेल्या नोंदीही साधारण हेच सांगतात. असे असताना एकट्या कोपरावर मराठीत अख्खे पुस्तक कशाला, असा प्रश्न वाचकाला पडला तर त्यात काही चूक नाही.

उत्तर त्या नोंदींच्या पद्धतीतच आहे. खेळाडू सामना सोडून बाहेर बसला किंवा त्याचा सराव बुडाला, तरच बहुतेक नोंदवह्यांत 'दुखापत' धरली जाते. कोपराचे दुखणे असे एकदम बाहेर बसवत नाही. खेळाडू स्प्रे मारतो, पट्टा बांधतो, गोळी घेतो आणि खेळत राहतो. नॉर्वेचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ रोआल बार यांनी 2009 साली बीच व्हॉलीबॉलपटूंची माहिती पुढे ठेवून नेमके हेच दाखवले. जुन्या पद्धतीने मोजले तर दुखापती फारशा नव्हत्या, पण 'दुखते का?' असे विचारले तर दुखणे भरपूर होते. दुखापत मोजायची की दुखणे, हा प्रश्न तेव्हापासून क्रीडावैद्यकात गांभीर्याने घेतला जाऊ लागला. अतिवापराची दुखणी याच फटीतून निसटतात, आणि कोपराची दुखणी तर सर्वांत आधी.

आपल्याकडे हे दुखणे घराघरांत पोचले ते क्रिकेटमुळे. 2004 च्या ऑगस्टमध्ये हॉलंडमधल्या मालिकेच्या वेळी सचिन तेंडुलकरचे डावे कोपर दुखू लागले. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतले पहिले दोन कसोटी सामने त्याला बाहेर बसून काढावे लागले आणि 2005 च्या मे महिन्यात लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. तोवर 'टेनिस एल्बो' हे नाव डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरते होते. त्या वर्षी ते रिक्षावाल्याच्याही तोंडी आले. मात्र त्याबरोबर दोन गैरसमजही पसरले. एक, हा मोठ्या खेळाडूंचा आजार आहे. दुसरा, त्यावर अखेर ऑपरेशनच करावे लागते.

पहिला गैरसमज दूर करायला वडोदऱ्यातले खंडेराव मार्केट पुरेसे आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या कारभाराला पंचवीस वर्षे झाली त्या निमित्ताने 1906 मध्ये उभी राहिलेली ही देखणी इमारत आज महानगरपालिकेचे कार्यालय आहे आणि तिच्या पाठीमागे भाजीचा व फुलांचा बाजार भरतो. सकाळी एखाद्या फुलवालीच्या हातांकडे नीट पाहावे. डाव्या चिमटीत झेंडू, उजव्या हातात दोरा. फूल ठेवायचे, दोऱ्याचा वेढा घालायचा, गाठ ओढायची. गाठ ओढताना दर वेळी मनगट मागच्या बाजूला वळते आणि कोपराखालचा स्नायू दोरीसारखा उठून दिसतो. हार संपेपर्यंत हीच हालचाल, आणि हार संपला की पुढचा हार. पलीकडे हमाल टोमॅटोचे क्रेट तळवा खाली ठेवून टेम्पोतून ओढतो आहे. आत कचेरीत कारकुनाचे मनगट दिवसभर माउसवर टेकलेले आहे. तिघांच्याही कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा आहे, तिथे बोट दाबले तर तिघांपैकी कोणीही कळवळू शकतो. टेनिस एल्बो झालेल्यांपैकी बहुतेकांनी रॅकेट कधी हातात धरलेली नसते.

कारण सोपे आहे. मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंच्या कंडरा, म्हणजे टेंडन, त्या उंचवट्याला येऊन चिकटतात. बोटे काहीही घट्ट धरतात तेव्हा मनगट स्थिर ठेवण्याचे काम हे स्नायू करतात. त्यामुळे रॅकेट, क्रेट, भरलेली बादली, चहाचा कप, या सगळ्यांचा भार अखेर रुपयाएवढ्या जागेवर येऊन पडतो. भार एका वेळी फार नसतो, पण तो वारंवार येतो आणि मधल्या काळात कंडरेला सावरायला वेळ मिळत नाही. अतिवापराच्या दुखापतीची सगळी गोष्ट एवढीच आहे: जितकी झीज झाली तितकी भरून निघाली नाही.

व्हॉलीबॉलमध्ये हातात धरायला काहीच नसते. चेंडूही हलका, 260 ते 280 ग्रॅमचा. मग कोपरावर भार येतो कुठून? स्मॅशकडे सावकाश केलेल्या चित्रफितीत पाहिले तर ते दिसते. खेळाडू उडी घेतो, हात मागे खेचतो, कोपर वाकते. मग धड वळते, खांदा पुढे झेपावतो आणि कोपराखालचा हात क्षणभर मागेच राहतो. त्या क्षणात कोपराची आतली बाजू ताणली जाते आणि बाहेरची दाबली जाते. आतल्या बाजूचा अस्थिबंध आणि मनगट आत वळवणारे स्नायू हा ताण पेलतात. चेंडूला तळवा लागतो तेव्हा हात जवळपास सरळ झालेला असतो, आणि हात फेकून सरळ करण्याची सवय असेल तर कोपराचे मागचे टोक समोरच्या हाडाच्या खाचेत पुन्हा पुन्हा आदळते. आतून जाणारी अल्नार नस वारंवार ताणली गेली तर करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात. ही झाली स्मॅशरची कहाणी. ब्लॉकरच्या पसरलेल्या बोटांवर जोरात चेंडू आपटतो आणि मनगट व कोपर मागे ढकलले जाते. स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या लिफ्टरच्या मनगटाला आणि दंडामागच्या स्नायूला दर पासला तेच काम. बचाव सांभाळणारा लिबेरो डाइव्ह मारताना कोपरावर पडतो आणि कोपराच्या टोकावरची पिशवी सुजते. एकच सांधा, पण खेळाडू कोणत्या जागी खेळतो त्यावर दुखण्याची बाजू ठरते. म्हणून 'कोपर दुखते' एवढ्या तक्रारीवर उपाय सांगणारा माणूस, मग तो डॉक्टर असो की प्रशिक्षक, घाई करत असतो.

या दुखण्याकडे पाहण्याची वैद्यकाची दृष्टी गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलली आहे. 1873 मध्ये रुंगे या जर्मन डॉक्टराने त्याचे वर्णन केले ते लिहिणाऱ्यांच्या हाताचे दुखणे म्हणून. इंग्लंडमध्ये लॉन टेनिसचे वेड आले आणि 1883 पर्यंत दुखण्याला टेनिसचे नाव चिकटले. 1936 मध्ये जेम्स सिरियाक्स यांनी त्याच्या कारणांची आणि उपचारांची पद्धतशीर मांडणी केली. हाताने करायचे उपचार, घर्षण-मालिश आणि झटका देऊन सांधा सोडवणे ही त्या काळातली मुख्य शस्त्रे. पुढे स्टिरॉइडची इंजेक्शने आली आणि सूज हाच शत्रू मानणाऱ्या पंथाचे राज्य सुरू झाले. त्यामागचा तर्क साधा होता: दुखते म्हणजे सूज आहे, आणि सूज आहे म्हणजे ती दाबायची.

या तर्काला पहिला मोठा धक्का शस्त्रक्रियागृहातून बसला. अमेरिकेत रॉबर्ट निर्शल आणि फ्रँक पेट्रोन यांनी 1979 मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरेच्या तुकड्यांचे निष्कर्ष मांडले. सूक्ष्मदर्शकाखाली सुजेच्या पेशी जवळपास नव्हत्याच. दिसले ते विस्कटलेले तंतू, भलत्याच जागी फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणि अर्धवट राहिलेली डागडुजी. याच दशकात, 1974 मध्ये, फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या बेसबॉल खेळाडूच्या कोपराचा आतला अस्थिबंध नवा बसवला आणि फेकणाऱ्या खेळाडूंच्या कोपराचे शास्त्र स्वतंत्रपणे उभे राहिले. व्हॉलीबॉलच्या स्मॅशबद्दल आज आपण जे बोलतो त्याचा बराच भाग त्या बेसबॉलच्या अभ्यासातून उसना घेतलेला आहे.

सूज नसेल तर सूज दाबणारे औषध काय करणार? याचे उत्तर 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातील बिसेट आणि सहकाऱ्यांच्या चाचणीतून मिळाले. इंजेक्शन घेतलेल्यांना पहिल्या काही आठवड्यांत झकास आराम पडला, पण पुढे त्यांच्यातच दुखणे उलटण्याचे प्रमाण जास्त निघाले. वर्षाच्या हिशेबात नुसती वाट पाहणारेही त्यांच्यापुढे गेले. 2013 मध्ये कूम्ब्स आणि सहकाऱ्यांच्या चाचणीनेही तीच दिशा दाखवली. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात इंजेक्शन मागणाऱ्या प्रत्येक खेळाडूने आणि पालकाने हे आधी समजून घ्यायला हवे.

दरम्यान तिसरा पंथ उभा राहत होता. स्वीडनमध्ये हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये टाचेच्या दुखऱ्या कंडरेला आराम देण्याऐवजी भार दिला. दिवसातून दोनदा, ठरलेल्या आवृत्त्या, बारा आठवडे. दिवसाची बेरीज 180. बऱ्याच रुग्णांचे दुखणे कमी झाले. पुढे मनगट आणि कोपरासाठीही अशाच व्यायामांच्या पद्धती बसवल्या गेल्या. 2009 मध्ये जिल कुक आणि क्रेग पर्डम यांनी कंडरेच्या दुखण्याचे टप्पे मांडले: भार अचानक वाढल्याने चिडलेली कंडरा, मग विस्कटू लागलेली, मग झिजलेली. टप्पा कोणता यावर उपाय ठरतो. चिडलेल्या कंडरेला भार कमी करून शांत करायचे, तर झिजलेलीला हळूहळू भार देऊन सशक्त करायचे. एकाच दुखण्यावर एक डॉक्टर 'थांब' म्हणतो आणि दुसरा 'कर' म्हणतो, याचे कोडे इथे बरेचसे सुटते.

चौथा पंथ कोपराच्या बाहेर पाहतो. बेन किबलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले की फेकण्याच्या किंवा मारण्याच्या जोरातला मोठा वाटा पायांतून आणि धडातून येतो, आणि खांद्यामार्गे तो हातापर्यंत पोचतो. मधली एखादी कडी कमजोर असेल तर तिची भरपाई पुढच्या कडीला करावी लागते. व्हॉलीबॉलमध्ये हे रोज दिसते. पास डोक्यामागे पडला की खेळाडू मागे झुकतो, कोपर खाली येते आणि सगळा जोर एकट्या हातातून काढावा लागतो. सराव संपत आला की पाय थकतात, उडी कमी पडते, आणि तोच हात तीच चूक सरसकट करू लागतो. कोपर दुखणाऱ्या खेळाडूचा खांदा, पाठीचे फावडे, कंबर आणि लिफ्टरचे पाससुद्धा तपासावे लागतात ते यासाठी.

आता आपल्या घरच्या परंपरेकडे वळू. खंडेराव मार्केटपासून फार लांब नाही अशा दांडिया बाजारच्या मराठी वस्तीत जुम्मादादा व्यायाममंदिराचे नाव आजही आदराने घेतले जाते. जुम्मादादांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी तिथे नुसते मल्ल घडवले नाहीत. मालिश आणि हाडे बसवण्याच्या विद्येसाठीही लोक त्यांच्याकडे येत. याच वडोदऱ्यातून द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा मराठी 'व्यायामज्ञानकोश' निघाला. शरीर कसे कमवायचे आणि कसे सांभाळायचे याची एवढी मोठी नोंद मराठीत त्याआधी झाली नव्हती.

या परंपरेतली एक गोष्ट आजच्या मैदानाने हरवली आहे: मोजणे. तालमीत जोर मोजून मारतात, बैठका मोजून काढतात, मुद्गलांची जोडी मोजून फिरवतात. नवा पोरगा आला की त्याला वस्ताद थोडक्यांवर थांबवतो, आकडा हळूहळू वाढवतो आणि आजारातून उठलेल्याला पुन्हा खालच्या आकड्यावर आणतो. आल्फ्रेडसन यांचे 180 तालमीतल्या माणसाला मुळीच परके वाटणार नाहीत. व्हॉलीबॉलच्या मैदानावर मात्र प्रशिक्षक टेबलावर उभा राहून चेंडू देतो, पोरांची रांग स्मॅश मारत राहते, आणि सराव संपतो तो अंधार पडला म्हणून. कोणी किती मारले हे कुणालाच माहीत नसते. परीक्षेच्या सुटीनंतर परतलेला मुलगाही पहिल्याच दिवशी त्याच रांगेत असतो, आणि तेवढेच मारतो.

दुसरे खेळ इथे पुढे गेले आहेत. अमेरिकेत मुलांच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये 2007 पासून एका दिवसात किती चेंडू फेकायचे याला वयानुसार मर्यादा आहे. क्रिकेटमध्ये लहान वयाच्या वेगवान गोलंदाजांच्या षटकांना अनेक देशांनी बंधन घातले आहे. व्हॉलीबॉलच्या नियमपुस्तकात नेटची उंची पुरुषांसाठी 2.43 मीटर आणि महिलांसाठी 2.24 मीटर असे सगळे काटेकोर आहे, पण चौदा वर्षांच्या मुलीने एका सरावात किती जंप सर्व्हिस माराव्यात याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ते ठरवण्याची जबाबदारी पूर्णपणे प्रशिक्षकाची आहे.

ही जबाबदारी आज पूर्वीपेक्षा जड झाली आहे. गुजरातमध्ये 2010 पासून खेल महाकुंभ भरतो. महाराष्ट्रात शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत तालुक्यापासून राज्यापर्यंत चालतात, आणि दहावी-बारावीच्या निकालात खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. गीर सोमनाथ जिल्ह्यातल्या सरखडीसारख्या गावाने तर मुलींच्या व्हॉलीबॉलवर नाव कमावले. 2022 मध्ये प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली आणि 2023 मध्ये अहमदाबादचा संघ विजेता ठरला. पोरापोरींना टीव्हीवर आपल्या भागातला खेळाडू दिसू लागला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यामुळे एकच गुणी मूल शाळेसाठी, क्लबसाठी, जिल्ह्यासाठी आणि गावच्या शूटिंगबॉलच्या स्पर्धेसाठीही खेळते, आणि प्रत्येक संघाचा प्रशिक्षक वेगळा असतो. प्रत्येकाला आपापला सराव बेताचाच वाटतो. बेरीज मात्र एकाच कोपरावर होते.

वाढत्या वयात ही बेरीज अधिक घातक ठरते. या वयात कोपराच्या आतल्या उंचवट्याची वाढीची पट्टी अजून मिटलेली नसते आणि ती कंडरेपेक्षा कमजोर असते. मोठ्या माणसाची कंडरा दुखते, मुलाचे हाडच ओढले जाते. बेसबॉल खेळणाऱ्या मुलांत हे 1960 पासून ओळखीचे आहे. म्हणून मुलाचे कोपर पूर्ण सरळ होत नसेल, मध्येच अडकत असेल, पडल्यावर सुजले असेल किंवा करंगळीला मुंग्या येत असतील, तर तेल, शेक आणि हळदीचा लेप यांत दिवस घालवू नयेत. आधी एक्स-रे काढून घ्यावा. मालिश करणाऱ्या हातांबद्दल पूर्ण आदर ठेवूनच हे लिहितो आहे.

या सगळ्या पसाऱ्यात हे पुस्तक कुठे बसते? ते शल्यविशारदांसाठी नाही आणि घरगुती नुस्ख्यांची जंत्रीही नाही. प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक, पालक आणि कळत्या वयाचे खेळाडू हा त्याचा वाचक. दुखणे कोपराच्या कोणत्या बाजूला आहे हे कसे ओळखावे, खेळणे सुरू ठेवून भार कसा उतरवावा, पुन्हा कसा चढवावा आणि डॉक्टरांकडे कधी जायलाच हवे, या प्रश्नांभोवती ते फिरते. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते, पण ते दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरले पाहिजे, ही यातली कसोटी कोणालाही घरी लावून पाहता येईल. बाहेरच्या बाजूचे दुखणे बहुतेकांत वर्षभरात ऑपरेशनशिवायच बरे होते, हा दिलासाही लेखकाने दिला आहे आणि त्याबरोबर सबुरीची अटही घातली आहे.

मला सर्वांत भावला तो लेखकाचा प्रामाणिकपणा. कोपराबद्दलचे पुष्कळसे ज्ञान टेनिस आणि बेसबॉलमधून आले आहे. व्हॉलीबॉलपुरता, आणि त्यातही मुलींपुरता, पुरावा अजून तुटपुंजा आहे. लेखकाने जिथे उसनवारी केली तिथे तसे सांगितले आहे. रक्तातील प्लेटलेट्सची इंजेक्शने आणि शॉकवेव्ह यांच्या जाहिराती आता वडोदऱ्यापासून नागपूरपर्यंत दिसतात. त्यांचे निष्कर्ष आजवर उलटसुलट आले आहेत, हेही त्याने लपवलेले नाही. एक मतभेद मात्र नोंदवतो. कोपराला बांधायच्या पट्ट्याला लेखक जरा जास्त झुकते माप देतो. पट्टा काहींना थोडा आराम देतो, पण तो बांधून तेवढेच स्मॅश मारायचे असतील तर त्याचा उपयोग फारसा होत नाही.

पुस्तक वाचून बाजूला ठेवले तर त्याचे काम अर्धेच होईल. प्रत्येक प्रशिक्षकाने संघासाठी शंभर पानी वही घ्यावी. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्या दिवसाचे स्मॅश आणि सर्व्हिस लिहावेत, दुसऱ्या संघासाठी खेळला असेल तर त्याचाही आकडा विचारून घ्यावा, आणि सकाळी कोपर दुखले का एवढे एका शब्दात नोंदवावे. एका हंगामात आपल्या मुलांचा खरा भार किती असतो ते त्या वहीतून कळेल, आणि आज कुठेच नसलेली मराठी मुलामुलींची माहितीही तिच्यातूनच जमा होऊ लागेल. पालकांनीही प्रशिक्षकाला 'संघात घेतले का?' याआधी 'आज किती मारायला लावले?' हा प्रश्न विचारायला शिकावे.